कोणी केलं, हा रकाना

मी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. एकवीस वर्षं झाली. छत्तीस कॉम्प्युटर, पाच प्रिंटर, एक सर्व्हर आणि ते वापरणारी माणसं, एवढा पसारा. हुद्द्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण कारखान्यात सगळे मला ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणतात. पंखा बंद पडला तरी फोन मलाच येतो.

ह्या कामात एक तक्ता भरावा लागतो. तक्रार आली की एक ओळ लिहायची. तारीख, वेळ, काय बिघडलं, किती मिनिटं लागली, कोणी केलं. ओळ पूर्ण भरल्याशिवाय तक्रार बंद होत नाही, आणि महिनाअखेरीला साहेब फक्त किती तक्रारी बंद झाल्या तेवढंच बघतात. हिशेब विभागातल्या प्रिंटरची तक्रार मी आजवर किती वेळा बंद केली, मलाच माहीत नाही. प्रिंटर अजून कागद चावतो.

घरी मागच्या खोलीत माझं एक टेबल आहे. नवरा त्याला दवाखाना म्हणतो. ऑफिसनं भंगारात काढलेले कॉम्प्युटर मी रीतसर चिठ्ठी घेऊन घरी आणते, साफ करते, त्यांत फुकट मिळणारी हलकी सिस्टीम टाकते आणि ज्याला हवा त्याला देते. तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न आहे, स्क्रू ड्रायव्हरचे तीन संच आहेत, आणि चहाच्या रिकाम्या डब्यांत जपून ठेवलेले स्क्रू आहेत. बायका कशिदा काढतात तसं मी हे करते. त्यातून काही मोठं घडावं अशी अपेक्षा नाही.

नव्या वस्तूंशी मात्र माझं जमत नाही. पूर्वी वस्तू उघडता यायची. आता सगळं गोंदानं चिकटवलेलं असतं. फोनची बॅटरी फुगली की फोनच टाका म्हणतात. गेल्या वर्षी कपडे धुवायचं मशीन घेतलं, तर त्याचं ॲप विचारतं, तुमचं ठिकाण जाणून घेण्याची परवानगी द्या. मोरीशेजारी आहे, आणखी कुठं असणार? मोबाइलवरून चालणारं एक बटण घेतलं होतं, गीझरसाठी. वर्षभरात ती कंपनीच बंद पडली आणि बटण कोणाचंच ऐकेना. वस्तू धडधाकट, कंपनी मेली. असली मढी माझ्या टेबलाखाली खोकंभर आहेत.

राजकारणाबद्दल माझी मतं आहेत आणि मी ती लपवत नाही. त्यामुळे नातेवाइकांच्या तीन ग्रुपांत मी नाही. दोन ग्रुपांतून मी निघाले, एकातून मला काढलं. मत मात्र प्रत्येक वेळी देते. रांगेत उभी राहते, शाई लावून घेते, घरी येऊन भाकऱ्या टाकते. ज्याला मत दिलं तो आता कोणत्या पक्षात आहे, ते नंतर पेपर उघडल्यावर कळतं. एकदा रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार एका पोर्टलवर केली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. दिवा बंदच होता. मला राग आला नाही. मी रोज तेच करते. सगळा देश आता आमच्या सपोर्ट डेस्कसारखा चालतो, ह्यापलीकडे माझं काही राजकीय विश्लेषण नाही.

तरी एका गोष्टीवर विश्वास होता. भाषणानं काही होत नाही, मोर्चानं होत नाही, पण खरे आकडे नीट मांडून समोर ठेवले की माणूस निदान लाजतो, असं मला वाटायचं. तो विश्वास कसा गेला ते लिहिते. त्यात माझा छंद आहे, आमच्या सोसायटीचं पाणी आहे, आणि एका माणसाची नोकरी आहे.

आमची सोसायटी होटगी रस्त्याच्या बाजूला आहे. चार गल्ल्या, ऐंशी-नव्वद घरं. शहराचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं ते सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून ते गल्लीगल्लीला पाळीनं सोडायचं. टाकीजवळ सिमेंटच्या खड्ड्यात चार व्हॉल्व्ह आहेत. लोखंडी लांब चावी आत घालून ते फिरवायचे. हे काम करायला सोसायटीनं एक माणूस ठेवला होता. साठीला टेकलेला, पूर्वी यंत्रमागावर काम केलेला, एका कानानं कमी ऐकणारा. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. खांद्यावर चावी टाकून ते सायकलवरून आले की गल्लीतल्या बायका पाईप सरळ करायला धावायच्या.

मी ऑफिसात, नवरा शाळेत क्लार्क. पाण्याच्या दिवशी दोघांपैकी एकाला रजा टाकावी लागायची, कारण पाळी सकाळी येईल की दुपारी, ते सांगता यायचं नाही. म्हणून मी एक यंत्र केलं. पाइपातून पाणी वाहायला लागलं की पाइप थरथरतो. ती थरथर ओळखणारा बटणाएवढा सेन्सर मिळतो. तो खड्ड्यातल्या आमच्या गल्लीच्या पाइपाला बांधायचा, त्याला छोटा बोर्ड जोडायचा, आणि पाणी सुरू झालं की माझ्या फोनवर मेसेज. घरी सासूबाई होत्या, पण दिवसभर नळाशी बसून राहणं त्यांना झेपायचं नाही; आता मेसेज आला की मी त्यांना फोन करायची. एवढं साधं.

साधं म्हणजे लिहायला साधं. पहिला डबा मेच्या उन्हात वितळला. दुसऱ्यात मुंग्यांनी घर केलं. तिसऱ्याची बॅटरी फुगली. चौथा टिकला. चाचा प्रत्येक वेळी खड्ड्याचं झाकण धरून उभे राहायचे.

“ताई, ह्यो डबा बोलतो म्हनं तुमच्याशी?”

“बोलतो. पाणी सोडलं की सांगतो.”

“आन सोडलं न्हाय तर?”

“गप बसतो.”

“मंग आपल्या घरवालीपेक्षा बरा हाय,” चाचा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मेसेज मला येतो म्हटल्यावर गल्लीतल्या इतरांनाही हवा झाला. मग बाकीच्या गल्ल्यांनाही. मी चारही पाइपांना सेन्सर बांधले आणि चारही गल्ल्यांना मेसेज जायला लागले. लोक खूश झाले. अध्यक्षांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्यासाठी फुलांचा गुच्छ टाकला, मोबाइलमधला. यंत्र मेसेज पाठवायचं आणि प्रत्येक वेळेची नोंदही ठेवायचं. कधी सुरू, कधी बंद. नोंद कशी ठेवायची हे ठरवताना मी फार विचार केला नाही. ऑफिसातला तक्ता हाताला सवयीचा होता, तोच उचलला. तारीख, वेळ, गल्ली, मिनिटं, कोणी केलं. शेवटच्या रकान्यात काहीतरी असावंच लागतं, म्हणून ‘चावीवाला’ हा शब्द एकदाच टाकून ठेवला. यंत्र तो प्रत्येक ओळीत आपोआप भरत राहिलं.

चौदा महिन्यांनी मी तो तक्ता पहिल्यांदा नीट उघडून बघितला. त्या उन्हाळ्यात आमच्या, म्हणजे चौथ्या गल्लीत वरच्या टाक्या भरेनाशा झाल्या होत्या आणि आम्ही टँकर मागवायला लागलो होतो. आकडे सरळ होते. पहिल्या गल्लीला सत्तर मिनिटं, दुसरीला पंचावन्न, तिसरीला पन्नास, आम्हाला पस्तीस. दर पाळीला हेच, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. पहिल्या गल्लीत अध्यक्षांचं घर आहे, शेजारी त्यांच्या भावाचं, आणि दोघांच्या मागे कारंज्यासकट बाग.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी चाचांना विचारलं, पहिल्या गल्लीला सत्तर कोणी ठरवलं?

“ठरीवणार कोन? ज्यानं ठिवलंय त्यानं. पयल्या दिवशीच अध्यक्षसाहेबांनी सांगितलं, आधी आमचं भरू द्या, मंग बाकीच्यांचं. मी घड्याळ बघून फिरवतो. माझ्या मनानं फिरवाय माझं काय पानी हाय?”

मी म्हणाले, हे मी सोसायटीच्या मीटिंगच्या आधी सगळ्यांना दाखवणार आहे.

चाचांनी चावी काढली, खांद्यावर टाकली. “नका दाखवू, ताई.”

“का? खोटं आहे का?”

“खरं हाय म्हनून तर नका.”

मी ऐकलं नाही. ऐकण्यासारखं काही वाटलंच नाही. मला वाटलं, म्हातारं माणूस घाबरतंय. नवऱ्यानंही सांगितलं होतं, गप बस, टँकरचं पाणी भरू. त्याचं सगळ्याच प्रश्नांवरचं उत्तर तेच असतं, म्हणून तिकडंही लक्ष दिलं नाही. आकड्यांचा रंगीत आलेख काढला, चार गल्ल्या चार रंगांत. खाली पुरावा म्हणून तक्त्याचं एक पान जसंच्या तसं जोडलं. वर लिहिलं, ‘आपल्या सोसायटीतील पाणीवाटप: चौदा महिन्यांची नोंद’. रविवारी सकाळी ग्रुपवर टाकलं आणि चहा टाकायला गेले.

चहा उकळेपर्यंत वीस अंगठे आले. मग आमच्या गल्लीतल्या एकानं लिहिलं, धक्कादायक. तिसऱ्या गल्लीतल्या बाईंनी लिहिलं, म्हणजे हा माणूस मनाला येईल तसं पाणी सोडतो. खाली कोणीतरी माझ्याच तक्त्यावर लाल गोल काढून टाकला. गोल शेवटच्या रकान्याभोवती होता. चावीवाला, चावीवाला, चावीवाला. पानभर एकच शब्द. ‘सांगितलं कोणी’ असा रकाना त्यात नव्हता. आमच्या कामात तो नसतोच. ज्यानं हात लावला त्याचं नाव, विषय संपला.

मी घाईघाईनं लिहिलं, मिनिटं त्यांनी ठरवलेली नाहीत, त्यांना तशा सूचना आहेत. अध्यक्षांचं उत्तर लगेच आलं. हात जोडलेले दोन, आणि खाली एक ओळ: पुरावा असल्यास द्यावा. मी आयुष्यभर लोकांना हेच विचारत आले. स्क्रीनशॉट आहे का? नाही? मग कसं कळणार?

त्यानंतर दुसऱ्या गल्लीतले निवृत्त मास्तर बोलले, आणि बोलले ते पाण्याबद्दल नव्हतंच. ह्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते आता हिंदूंनी ठरवावं, असं त्यांनी लिहिलं. त्याला सोळा अंगठे आले. मी मोजले. त्यातले तीन आमच्या गल्लीतले होते, ज्यांच्या घरी चाचांनी कितीदा जाऊन गळके नळ बसवून दिले होते.

मीटिंग सोसायटीच्या मारुतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये झाली. एरवी पंधरा माणसं येतात, त्या दिवशी साठ आली. अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी आहेत. आवाज कधी चढवत नाहीत. सोसायटीची निवडणूक कित्येक वर्षांत झालेली नाही, कारण त्यांच्याविरुद्ध कोणी अर्जच भरत नाही. मीही कधी भरलेला नाही, हे इथे कबूल करते.

“वहिनी,” ते म्हणाले, “मशीन तुमचं, कागद तुमचा. आम्ही फक्त वाचतोय.”

“मिनिटं कोणी ठरवली ते त्या कागदात नाही,” मी म्हणाले.

“मग कोणत्या कागदात आहे? दाखवा की, आम्ही तोही वाचू.”

लोक हसले. मी म्हणाले, सत्तर मिनिटांचं पाणी तुमच्या बागेत जातं, चाचांच्या घरी जात नाही. त्यांना पहिल्या गल्लीचे लाड करून काय मिळणार?

“तेच तर शोधायला पाहिजे,” मास्तर मागून म्हणाले. “आणि नुसतं कमी-जास्तीचं नाही. व्हिडिओ बघितले नाहीत का तुम्ही? पाण्यात काय काय करतात ते?”

“मास्तर, टाकीला कुलूप आहे आणि किल्ली तुमच्याच घरी असते.”

थोडे हसले. थोडेच. मास्तर म्हणाले, तुम्ही पुरोगामी लोक असेच. अध्यक्ष म्हणाले, विषय वाढवू नका, आपण माणसालाच विचारू. चाचा दारात चपलांच्या ढिगापाशी उभे होते. त्यांना आत बोलावलं. ते आत आले, पण सतरंजीवर पाय ठेवला नाही. कडेच्या फरशीवर उभे राहिले.

“काय चाचा, पहिल्या गल्लीला जास्त पाणी कोण सोडतं?”

“मीच की साहेब.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. अध्यक्षांकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, सांगा, आता साठ माणसं ऐकतायत.

“कुनी न्हाय,” चाचा म्हणाले. “माझंच चुकलं. हितनं फुडं समान सोडतो.”

“बघा,” अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, अगदी सौम्यपणे. “मोठ्या मनानं कबूल केलं त्यांनी.”

मग मोठ्या मनाच्या माणसाला महिनाअखेरीपर्यंत ठेवायचं आणि त्यानंतर वेळ लावलेले आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह बसवायचे, असा ठराव झाला. सोसायटीत आयटीतल्या वहिनी आहेतच, त्या बसवतील, असं कोणीतरी सुचवलं. मी नाही म्हणाले. त्यानं काही अडलं नाही. त्यांनी बाहेरून माणूस आणला आणि एका दिवसात बसवून घेतले. पहिला महिनाभर चारही गल्ल्यांना सारखी मिनिटं होती. मग पहिल्या गल्लीला दाब कमी पडतो, ती चढावर आहे, असं निघालं. पहिली गल्ली उतारावर आहे. चढावर आम्ही. पण तोवर लोकांचा उत्साह संपला होता. मी माझे सेन्सर काढून आणले. ते टेबलाखालच्या खोक्यात आहेत.

काम सुटल्यावर आठ-दहा दिवसांनी चाचा एका रविवारी सकाळी घरी आले. आत या म्हटलं तर पायरीवरच बसले. मी चहा आणून दिला आणि म्हणाले, माझी चूक झाली.

“व्हय, झाली,” चाचा म्हणाले.

मग चहा बशीत ओतून म्हणाले, “तिथं तुमी खरं बोलला, मी खोटं बोललो. मला वाटलं, खोटं बोललं तर नोकरी ऱ्हाईल. दोघांचं बी चुकलं की.”

ते भांडायला आले नव्हते. त्यांना एक काम होतं. विजापूर रोडला एका मोठ्या अपार्टमेंटमध्ये पाण्याची मोटर आणि टाक्या बघायला माणूस हवा होता. तिथला मॅनेजर म्हणाला होता, आधी जिथे काम केलं तिथला दाखला आणा. अध्यक्षांकडे दोनदा जाऊन झालं होतं. ते ‘बघू’ म्हणाले होते.

“तुमच्या मशिननं समदं लिवून ठिवलंय नव्हं? कवा आलो, कवा सोडलं?”

“सगळं.”

“मंग बघा की, चौदा म्हयन्यांत माझा खाडा किती.”

मी आत जाऊन तक्ता उघडला. हे मी कधी बघितलंच नव्हतं. कमी-जास्त मिनिटं शोधण्याच्या नादात चौदा महिन्यांत एकही पाळी चुकलेली नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. टाकीत पाणी पडलं त्या प्रत्येक दिवशी पाणी सोडलेलं होतं. एकही दिवस रिकामा नव्हता.

“ईदला बी आलतो,” चाचा दारातून म्हणाले. “बायकोला सिव्हिलला ठिवली होती, तवा बी.”

मी छापायला दिलं. छापायच्या आधी शेवटचा रकाना काढून टाकला. त्यानंच घोळ केला होता, तो कशाला पुन्हा लोकांसमोर जायला हवा. घरच्या प्रिंटरनंही दोनदा कागद चावला, मग अकरा पानं निघाली. मी पिन मारून त्यांच्या हातात दिली. चाचांना मराठी वाचता येतं, सावकाश. त्यांनी बोट ठेवून पहिलं पान वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दुसरं.

“चावीवाला कुटाय?”

“काढला. तुमच्याच भल्यासाठी.”

“मंग ह्ये पानी सोडलं कुनी? भुतानं?”

मी पुन्हा रकाना घातला. पुन्हा अकरा पानं. चाचांनी ती उलटून बघितली आणि मान हलवली. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते होते. खाली माझी सही मागितली, मोठी, आणि फोन नंबर. मी दोन्ही दिलं. त्यांनी पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी सदऱ्याच्या आत, आणि सायकलवर टांग मारून गेले.

मॅनेजरनं पानं ठेवून घेतली आणि कळवतो म्हणाला. पंधरा दिवस गेले. चाचांनी मला फोन केला, ताई, तुमी एकदा त्यांना समजावून सांगता का? मशिनचं तुमाला जास्त कळतं. मी शनिवारी अर्धी रजा टाकून गेले. चाचा गेटबाहेर थांबले होते, रसवंतीच्या सावलीत. आत येत नाही म्हणाले.

मॅनेजर चाळिशीचा होता. वागायला चांगला. खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी सांगायला सुरुवात केली, की मी ही नोंद ठेवली, यंत्र कसं चालतं, खाडा कसा नाही. त्यानं मधेच हात वर केला, स्वतःचा फोन काढला, थोडा वेळ बोटानं वर-वर सारत राहिला आणि फोन माझ्यासमोर धरला.

माझाच आलेख होता, कुठल्या कुठल्या ग्रुपांतून फिरत आलेला. चार रंग. खाली तक्त्याचं पान, त्यावर लाल गोल. वर मास्तरांच्या थाटाचं एक वाक्य छापलं होतं. ते इथे लिहून त्याला आणखी वाचक मिळवून देणार नाही. आमच्या सोसायटीचं नाव नव्हतं, चाचांचंही नव्हतं. पण ज्यानं चाचांकडची पानं बघितली त्याला तोच तक्ता, तीच अक्षरं आणि तोच रकाना ओळखायला कितीसा वेळ लागणार होता?

“मॅडम, हा तुमचाच कागद ना?”

“माझाच. पण वर जे लिहिलंय ते माझं नाही.”

“ते सोडा. खालचे आकडे खरे आहेत?”

“आकडे खरे आहेत.”

“मग झालं की,” तो म्हणाला.

मी म्हणाले, नाही झालं. मग सगळं सांगितलं. अध्यक्ष, बाग, कारंजं, मीटिंग. तो शेवटपर्यंत ऐकत होता. सपोर्टमध्ये आम्ही ऐकतो तसा, मान हलवत, मधे न बोलता. समोरचा बोलून मोकळा झाला की अर्धी तक्रार आपोआप मिटते, हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्यालाही कोणीतरी शिकवलं असावं.

“तुमचं सगळं खरं असेल,” तो शेवटी म्हणाला. “माझ्या एकट्याच्या हातात असतं तर उद्या ठेवला असता. पण इथे दोनशे फ्लॅट आहेत आणि दोनशे फोन. कोणीतरी हे माझ्या नाकासमोर धरणार. मग मी कोणाचे कागद दाखवू?”

मी अकरा पानं परत मागितली. त्यानं ती कपाटातून काढून दिली, व्यवस्थित, पिनसकट.

बाहेर आले तर चाचा उठून उभे राहिले. मी नाही म्हणून मान हलवली. ते “बरं” म्हणाले. कारण विचारलं नाही. मी पानं पुढे केली तर घेतली, तशीच सदऱ्याच्या आत ठेवली. ऊन फार होतं. रसवाल्याकडे दोन ग्लास सांगितले आणि आम्ही उभ्यानंच प्यायलो. होटगीजवळ मेव्हण्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथं गेट रंगवायचं काम मिळतं का बघतो, असं काहीतरी ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून आपला बटणांचा फोन काढला.

“ताई, आता आलाच हाय तर येवढं बघा की. आणखी चार ठिकानी नंबर दिलाय. पर ह्याची रिंगच वाजत न्हाय. कान बी असला, म्हनून जवळच ठिवतो, तरी न्हाय.”

मी फोन हातात घेतला. आवाज पूर्ण वाढवलेला होता. नेटवर्क चांगलं. नंबर चालू, पैसे संपलेले नाहीत. कोणाचा नंबर ब्लॉक झालाय का ते बघितलं, तसं काही नव्हतं. मागचं झाकण काढून बॅटरी काढली, सिम पुसून परत घातलं. चुकलेल्या कॉलची यादी उघडली. रिकामी होती.

मग फोन त्यांच्या हातात दिला आणि माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या हातातला फोन इतक्या जोरात वाजला, की रसवाल्यानं यंत्र थांबवून आमच्याकडे बघितलं.

चाचांनी वाजता फोन उलटासुलटा करून बघितला.

“चांगलाच हाय की,” ते म्हणाले, आणि कॉल तोडून फोन खिशात ठेवला.